बांध पेटवण्याआधी: तित्तिर, लावा आणि बारा एकरांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तरुण शेतकऱ्याची बारा एकर जमीन. तीन एकर विहिरीखाली ऊस, उरलेली नऊ एकर जिरायत. खरिपात सोयाबीन, तूर, थोडा मूग; रब्बीत ज्वारी आणि हरभरा. लहानपणी पहाटे तित्तिरांच्या ओरडण्याने जाग यायची, आता महिनोन् महिने आवाज येत नाही. इंग्लंडमधल्या शेतांचा एक व्हिडिओ त्यांनी पाहिला. तिथे शेताच्या कडेने सहा मीटरचा पट्टा तित्तिरांसाठी ठेवतात म्हणे. तसा पट्टा आपण ठेवावा का, उत्पन्न किती बुडेल, असं ते विचारतात. वडिलांचं म्हणणं आहे की पक्षी वाढले तर पीक खातील आणि वर वनखातं जमिनीत येईल. पक्षी खरंच वाढले तर परदेशासारखी थोडी शिकार करता येईल का, असंही त्यांनी शेवटी विचारलंय.

मी तीस वर्षं जिरायत शेती करतो आणि जवळजवळ तेवढीच वर्षं आजूबाजूच्या शेतकऱ्यांना पीक संरक्षणाचा सल्ला देतो. तित्तिरांचा नाद लहानपणापासूनचा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिकारीचं आधी सांगून टाकतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून हौसेने शिकार करण्याची वाटही बंद झाली. तित्तिर, लावा, बटेर मारणं, फासे लावून धरणं, पिंजऱ्यात पाळणं, अंडी उचलणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. हॉटेलात मिळते ती पाळीव जपानी बटेर, तिचा विषय वेगळा. ‘शिकारीचे पक्षी’ हे नाव जुन्या काळातून आलंय, आपल्या बांधावर त्याचा आज काही उपयोग नाही. तरी हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण इंग्लंडमधला शेतकरी कडा राखतो त्यामागे बऱ्याच ठिकाणी शिकारीचा पैसा असतो किंवा सरकारी अनुदान असतं. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. त्यामुळे तुमचा हिशेब चारा, फवारणीचा वाचलेला खर्च आणि पहाटेचा आवाज एवढ्यावरच जुळला पाहिजे. जुळतो, असा माझा अनुभव आहे.

आता त्या व्हिडिओबद्दल. सहा मीटरचा तो पट्टा पडीक नसतो, आणि गैरसमज नेमका इथेच होतो. तिथे गहू किंवा बार्ली शेवटच्या फुटापर्यंत पेरतात आणि कापतातही. फक्त बाहेरच्या सहा मीटरमध्ये रुंद पानांच्या तणांवरची तणनाशकं आणि कीटकनाशकं मारत नाहीत. ही कल्पना कुठून आली ते सांगण्यासारखं आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात डिक पॉट्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९६८ पासून तिथल्या राखी तित्तिराचा, म्हणजे ग्रे पार्ट्रिजचा, शेताशेतातून अभ्यास केला. पक्षी झपाट्याने कमी होत होता. शिकार, कोल्हे, थंडी, सगळ्यांवर संशय होता. पॉट्सच्या अभ्यासात खरं कारण वेगळंच निघालं. तणनाशकांनी तण गेलं, तणावरचे किडे गेले, आणि किडे गेल्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांची पिल्लं उपाशी मरायला लागली. तणनाशकांच्या आधी साधारण निम्मी पिल्लं जगायची, नंतर एक तृतीयांशाच्या आसपास. मोठे पक्षी दाण्यांवर आणि कोवळ्या पाल्यावर जगत होते, म्हणून बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. आज ब्रिटनमध्ये हा पक्षी साठच्या दशकाच्या मानाने नव्वद टक्क्यांहून जास्त घटलेला आहे.

आपला तित्तिर वेगळ्या जातीचा आहे, हवा वेगळी, पिकं वेगळी. पण पिल्लाचं पोट तेच. तित्तिर असो, लावा असो, मोर असो, अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू त्याच दिवशी आईमागे चालायला लागतं आणि स्वतः टिपून खातं. त्याला भरवत कोणी नाही. त्या वयात त्याला दाणा पचतही नाही आणि पुरतही नाही. त्याला अळ्या, लहान नाकतोडे, तुडतुडे, मुंग्या, वाळवी लागते, तीही त्याच्या उंचीला आणि त्याच्या पावलांच्या टप्प्यात.

तेव्हा खरा प्रश्न किती जमीन सोडायची हा नाही. वर्षातल्या कोणत्या दिवसांत तुमच्या शेताची कड कशी दिसते, हा आहे. माझ्या अनुभवात दोन हंगाम राखले की बाकीचं वर्ष तुम्ही हवी तशी शेती करा. पहिला चैत्र ते ज्येष्ठ, म्हणजे घरट्याचा. दुसरा पेरणीपासून भाद्रपदापर्यंतचा, म्हणजे पिल्लांचा.

घरट्याचा काळ आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं आणि ते थांबवायला एक रुपयाही लागत नाही. आपला राखी तित्तिर एप्रिलपासून अंड्यावर बसायला लागतो, सप्टेंबरपर्यंत कधीही घरटं सापडू शकतं. घरटं म्हणजे बोरीच्या, तरवडाच्या बुडाशी किंवा जुन्या गवताच्या ठोंबाखाली पायाने उकरलेली खळगी, आत चार काड्या. अंडी चारपासून आठ-नऊपर्यंत. साधारण तीन आठवडे मादी बसून असते. आता आपण काय करतो ते बघा. ज्वारी निघाली, हरभरा निघाला, उन्हाळ्यात हाताला काम नाही, गुढीपाडवा झाला की बांध पेटवतो. शेत स्वच्छ दिसतं, पेरणीला अडचण नको, उंदीर-साप नको, अशी कारणं असतात. त्या एका संध्याकाळी पंचक्रोशीतली घरट्याची जागा संपते. गेल्या वर्षीचं वाळकं गवत उभं असणं हीच तर एप्रिलमधल्या तित्तिराची गरज, कारण नवं गवत यायला मृग उजाडतो.

बांध पेटवण्याने पीक वाढत नाही. मातीत जाऊ शकणारं सेंद्रिय जळतं, बांध उघडा पडतो, पहिल्या मोठ्या पावसाला फुटतो. सोलापूर-नगरकडे बहात्तरच्या दुष्काळानंतर बांधबंदिस्तीची केवढी कामं झाली आणि त्यांनी किती माती धरली, हे तुमच्या वडिलांना मी सांगायला नको. तेव्हा वडिलांशी बोलताना पक्ष्यापासून सुरुवात करू नका, बांधाच्या मातीपासून करा.

बांधावर काय असावं? मारवेल आणि पवन्या असेल तर उत्तम. दोन्ही चाऱ्याची चांगली गवतं आहेत, ठोंब करून वाढतात आणि दोन ठोंबांमध्ये पक्ष्याला चालायला वाट राहते. मारवेलची ठोंबं जून-जुलैत एक-दीड फुटावर लावली तर दुसऱ्या वर्षी बांध धरतो. कुसळी फार वाढलेली असेल तर फुलोऱ्याआधी कापा, नाहीतर ती जनावरांच्या तोंडात आणि तुमच्या धोतरात जाते. मधे मधे बोर, करवंद, तरवड, एखादी सीताफळाची झुडपी राहू द्या, पंधरा-वीस पावलांवर एक. रात्री तित्तिर काटेरी झाडात चढून झोपतो, म्हणून एखादी जुनी बाभूळ किंवा हिवर असेल तर तोडू नका. नवीन उंच झाडं मात्र भराभर लावू नका. रोजगार हमीतून बांधावर फळझाडं लावता येतात, ती योजना चांगली आहे, पण जिरायत ज्वारीच्या बांधावर उंच झाड म्हणजे कावळ्याला बसायला माचा. वरून त्याला घरटं दिसतं. झुडूप हवं, माणसाच्या छातीइतकं.

गवत कापायचं कसं, यात मी स्वतः मोठी चूक केली होती. उत्साहाच्या भरात एक बांध सलग चार वर्षं कापलाच नाही. पहिल्या दोन वर्षांत तित्तिरांची जोडी आली. तिसऱ्या वर्षी गवत इतकं दाट आणि लोळलेलं झालं की आत कोंबडीचं पिल्लूही चाललं नसतं. चौथ्या वर्षी जोडी गेली आणि उंदरांची बिळं तेवढी वाढली. तेव्हापासून मी बांधाच्या दोन बाजू वेगळ्या धरतो. यंदा उत्तरेची आणि पूर्वेची बाजू दिवाळीनंतर, बी पडून गेल्यावर कापायची, चारा घ्यायचा. दक्षिणेची आणि पश्चिमेची उभी ठेवायची. पुढच्या वर्षी उलट. म्हणजे दर एप्रिलला निम्मा बांध उभ्या गवताचा असतो आणि निम्म्यातून चारा मिळालेला असतो. कापताना जमिनीपासून वीतभर सोडून कापा.

आता पिल्लांचा काळ. यात पीक आणि पक्षी खऱ्या अर्थाने समोरासमोर येतात, म्हणून जरा नीट बघू. सोयाबीन पेरून पंधरा ते वीस दिवसांनी तुम्ही उगवणीनंतरचं तणनाशक मारता. दुकानदार बहुतेक वेळा त्याच पंपात एक कीटकनाशक आणि एक टॉनिक घालायला सांगतो. हे दिवस म्हणजे जुलैचा पहिला पंधरवडा, आणि मेच्या शेवटी, जूनमध्ये बसलेल्या माद्यांची पिल्लं नेमकी त्याच दिवसांत बाहेर फिरतात. त्या फवारणीत केना गेला, तांदुळजा गेला, माठ गेला, आणि त्यावरचं सगळं चालतं-फिरतं अन्न गेलं. औषध पिल्लाच्या अंगावर पडलं नाही तरी आठवड्यात ते उपाशी मरतं. पावसात भिजलेलं उपाशी पिल्लू तर एका रात्रीत जातं, कारण पहिले काही दिवस त्याला अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही.

माझा उपाय असा. पूर्ण शेतावर तणनाशक बंद करा असं मी म्हणत नाही. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, हे मी रोज बघतो. फक्त बांधालगतच्या बाहेरच्या चार ओळी सोडा. दीड फुटाच्या ओळींनी चार ओळी म्हणजे सहा फूट. तिथे तणनाशक नाही आणि ठरावीक तारखेची, ‘सगळे मारतात म्हणून’ची कीटकनाशकाची फवारणीही नाही. त्या चार ओळींत एक कोळपणी करा आणि ऑगस्टमध्ये गाजरगवत, कुंदा, लव्हाळा एवढंच हाताने उपटा. ही तीन तणं मी कुणालाही राखायला सांगणार नाही, त्यांनी पुढच्या वर्षी शेत खाल्लं तर तुम्ही पक्ष्यालाच दोष द्याल. केना, घोळ, तांदुळजा, चिमणचारा थोडा राहिला तर चालतो.

त्या चार ओळींत उतारा कमी येईल का? येईल, थोडा. पण शेताच्या कडेच्या ओळी तशाही कमी देतात, कारण तिथे ट्रॅक्टर वळतो, माती दडपते, बांधाच्या मुळांची ओढ असते. आपण सर्वात महाग औषध सर्वात कमी देणाऱ्या ओळींवर मारत असतो.

आता आकडे मांडतो, म्हणजे तुम्हाला स्वतः पडताळता येईल. बारा एकर चौकोनी धरली तर एक बाजू साधारण ७२३ फूट, घेर सुमारे २,९०० फूट. त्या घेराला आतून पाच फुटांचा गवताचा पट्टा धरला तर १३ गुंठे होतात, म्हणजे ४८० गुंठ्यांतले पावणेतीन टक्के. त्यातला बराच भाग आजही बांधच आहे, पेरता येत नाहीच. त्या जागेत जिरायत ज्वारी एकरी पाच क्विंटलने धरली तरी सगळ्या तेरा गुंठ्यांची मिळून पावणेदोन क्विंटलच्या वर जात नाही, आणि बदल्यात मारवेलचा चारा आहे. हाच पट्टा व्हिडिओ पाहून सहा मीटरचा, म्हणजे वीस फुटांचा, पडीक ठेवला असता तर ५१ गुंठे गेले असते. सव्वा एकरापेक्षा जास्त, जवळजवळ अकरा टक्के. बारा एकरवाल्या माणसाने तेवढं सोडू नये. तिकडची शेतं शेकडो एकरांची, त्यांच्या कडेचं गणित वेगळं. आपले तुकडे लहान आहेत म्हणून आपल्याकडे बांध मुळातच जास्त आहेत. ही आपली जमेची बाजू आहे. ससेक्सजवळच्या मोठ्या शेतांत मधोमध मातीचा उंचवटा करून त्यावर गवत पेरतात, कारण एवढ्या मोठ्या शेताच्या मधे बांधच नसतो. तुमच्याकडे तो आजोबांनी घालून ठेवलाय.

पिकांच्या बाबतीत तूर ही माझी सर्वात आवडती. आंतरपीक म्हणून घेतलेली तूर, मग ती बाजरीत असो, मुगात असो की सोयाबीनमध्ये, वर छप्पर देते आणि खाली जमीन मोकळी ठेवते. मूग-सोयाबीन निघून गेलं तरी ती डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. तित्तिराला, लाव्याला हेच हवं असतं: वरून शिक्रा दिसू नये, खालून पळायला वाट असावी, पाऊस थांबला की अंग वाळवायला उघडी जागा असावी. तुमच्या नऊ एकरांत सलग सोयाबीन घेण्याऐवजी दर काही ओळींनंतर तूर घेतलीत तर पक्ष्यासाठी वेगळं काही न करता निम्मं काम होतं. पावसाने दगा दिला तर तुरीचा आधारही राहतो.

पण किडी वाढणार नाहीत का, हा प्रश्न कोणीही विचारेल आणि विचारावाच. इथे मी परिस्थितीवर सोडतो. बहुतेक वर्षी वाढत नाहीत, कारण त्याच कडेवर किडींना खाणारे ढालकिडे, कोळी, परोपजीवी माश्याही राहतात. पण लष्करी अळीचं किंवा घाटेअळीचं जोरदार वर्ष आलं तर मी कडेलाही फवारतो. तेव्हा पीक वाचवणं आधी. फरक एवढाच की मी मोजून फवारतो. हरभऱ्यात एका मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसेपर्यंत हात लावत नाही, दिसल्या की आधी निंबोळी अर्क पाच टक्के, मग एचएएनपीव्ही, म्हणजे घाटेअळीवरचं विषाणूजन्य औषध, संध्याकाळी, आणि तरी आवरली नाही तर रासायनिक. पक्षीथांबे लावतोच, एकरी वीसेक. कृषी खात्याच्या क्रॉपसॅप या कीड-पाहणीच्या योजनेचे इशारे येतात, ते वाचत जा. अशा रीतीने वर्षाला दोन फवारण्या तरी वाचतात, आणि बांधावर गेलेल्या तेरा गुंठ्यांची भरपाई मी तिथे धरतो.

दोन औषधांबद्दल मात्र मी कडक आहे. बीजप्रक्रिया केलेलं बी पेरताना वळणावर, पेरणीयंत्र उचलताना सांडतं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारख्या औषधाचं बी जमिनीवर उघडं पडलं तर टिपणाऱ्या पक्ष्याला थोडे दाणेही भारी पडतात. सांडलेलं बी लगेच मातीने झाका, पोराला मागे फावडं घेऊन पाठवा. दुसरं, फोरेट, हे दाणेदार कीटकनाशक. त्याचा वापर २०२० संपेपर्यंत बंद व्हायचा होता. तरी जुनी पिशवी कुणाच्या कोठीत असेल तर ती शेतात येऊ देऊ नका. जमिनीवर दिसणारा दाणा म्हणून पक्षी ते टिपतात. एका ओळखीच्या शेतात मी एका सकाळी लाव्यांची अख्खी टोळी सरीत पडलेली पाहिली आहे. ते दृश्य अजून डोळ्यासमोरून जात नाही.

बांधावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारणं हा नवीन प्रकार सुरू झालाय. ते पेटवण्यापेक्षा वाईट आहे. पेटवलेला बांध पावसाळ्यात उगवतो तरी. औषधाने मारवेल, पवन्या मुळासकट जातात आणि पहिल्यांदा परत येतं ते गाजरगवत.

आता वडिलांच्या दोन शंका. पक्षी पीक खातील का? तित्तिर उगवता कोंब टोचतो, सांडलेला दाणा खातो, भुईमूग असेल तर उकरतो. दोन-चार जोड्यांचं नुकसान शेताच्या हिशेबात दिसत नाही. उलट वाळवी, नाकतोडे, अळ्या तो भरपूर खातो. पण त्यामुळे फवारणी लागणारच नाही असं मी म्हणणार नाही, तित्तिराकडून एवढ्या कामाची अपेक्षा ठेवू नये. मोराची गोष्ट वेगळी. मोर खरंच नुकसान करतात, विशेषतः पेरणीनंतर आणि भाजीपाल्यात. तुमच्या शिवारात आधीच मोर फार असतील किंवा जवळ वन असून रानडुकरं येत असतील, तर दाट काटेरी झुडपांचं रान बांधावर होऊ देऊ नका. डुकराला दिवसा लपायला ते आवडतं. अशा ठिकाणी फक्त गवताचा बांध, विरळ झुडूप. माझा सल्ला उघड्या माळाच्या भागाला लागू आहे, जंगलकाठाला तसाच्या तसा नाही.

दुसरी शंका वनखात्याची. ती हसण्यावारी नेऊ नका, तिच्यामागे तुमच्याच जिल्ह्याचा इतिहास आहे. माळढोकसाठी १९७९ मध्ये नान्नजच्या परिसरात अभयारण्य जाहीर झालं, ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं आणि लोकांची खाजगी शेतं आली. जमिनीच्या व्यवहारांना, बांधकामांना अडथळे आले आणि माळढोक हा शब्द कित्येक शेतकऱ्यांच्या कानाला शत्रूसारखा झाला. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोपर्यंत माळरानांवर उसाचं पाणी पोचलं होतं, गवत तुटलं होतं. आज तिथे एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. मला त्या पक्ष्याचं फार वाईट वाटतं आणि त्या शेतकऱ्यांचंही. ज्याच्या बांधावर पक्षी राहतो त्याला विश्वासात न घेता पक्षी वाचत नाही. याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. अकोला-वाशीमकडे फासेपारधी समाजातल्या लोकांनी, ज्यांना पक्षी कुठे बसतो, कुठे चरतो हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे त्यांनीच, माळरानं राखून तणमोर या दुर्मीळ माळपक्ष्याला जागा दिली.

वडिलांना सांगा की तुमच्या बांधावर तित्तिर आल्याने सातबारा बदलत नाही. अभयारण्य अधिसूचनेने होतं, दोन जोड्या तित्तिरांनी होत नाही. तुमचं गाव आजच्या अधिसूचित हद्दीत आहे का ते तलाठ्याकडे किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात एकदा विचारून घ्या. त्यांच्या मनातली भीती कागद बघूनच जाईल, माझ्या शब्दाने नाही.

उसाबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. तीन एकर उसात तित्तिर घरटं सहसा करत नाही, पण उन्हाच्या कडाक्यात सावलीला जातो. पाचट जाळू नका, एवढंच. कुजवलं तर पाणी वाचतं आणि खालचे किडे-मुंग्या राहतात. शेततळं असेल आणि त्याला प्लॅस्टिकचा कागद असेल तर एका बाजूला जुनी पोती किंवा दोरीची जाळी काठापासून पाण्यापर्यंत सोडा. गुळगुळीत कागदावरून घसरून पिल्लं बुडतात आणि वर येता येत नाही.

सापाचं मात्र स्पष्ट सांगतो. गवताच्या बांधावर उंदीर येतात आणि उंदरामागे घोणस येते. घराजवळचा, गोठ्याजवळचा आणि रोजच्या पायवाटेचा बांध कापून स्वच्छ ठेवा. पक्ष्याचा बांध लांबचा निवडा. रात्री पाणी धरायला जाताना बॅटरी आणि बूट हवेतच, पक्षी असोत वा नसोत.

काढणीची एक सवय बदला. हरभरा किंवा ज्वारी काढताना सगळीकडून आत आत येत गेलं तर पक्षी मधल्या शेवटच्या तुकड्यात कोंडले जातात आणि तिथे गावची कुत्री टपलेली असतात. एका बाजूने सुरू करून बांधाकडे काढत जा, म्हणजे त्यांना निसटायला वाट राहते. हार्वेस्टरवाल्याला हे सांगितलं तर तो ऐकतो, त्याला त्यात जास्त डिझेल लागत नाही. कुत्र्यांचा त्रास फार असेल तर उन्हाळ्यात मेंढरं बसवताना धनगरांना तेवढा एक बांध सोडून बसायला सांगा. त्यांना नीट सांगितलं तर ते पाळतात, मी दरवर्षी सांगतो.

शेजाऱ्याचं काय, हा सगळ्यात अवघड भाग. तित्तिराच्या एका जोडीला तुमची बारा एकर पुरते कदाचित, पण पिल्लं मोठी झाल्यावर पुढे कुठे जाणार? सामाईक बांध असेल आणि शेजारी पेटवणार असेल तर तुमची निम्मी मेहनत वाया. मी शेजाऱ्यांना पक्ष्यांवर भाषण दिलं नाही. पहिल्या वर्षी बांधावरचा मारवेलचा भारा एकाच्या म्हशीला टाकला आणि ठोंबं नेऊन लाव म्हटलं. तिसऱ्या वर्षी त्याचा बांध पेटवणं बंद झालं. सगळेच ऐकतील असं नाही. एक शेजारी आजही पेटवतो, त्याच्या बाजूला मी माझ्या हद्दीत सहा फूट नांगरून आगीला आडवी पट्टी ठेवतो. तुम्हीही ठेवा, नाहीतर एका ठिणगीत सगळं जातं.

जमीन वाट्याने किंवा ठोक्याने दिलेली असेल तर हे सगळं वाटेकऱ्याशी पेरणीआधी बोलून घ्या, आणि चार ओळींचं कमी उत्पन्न तुमच्या वाट्यातून धरा. त्याच्या पोटावर तुमची हौस नको.

सुरुवात या वर्षी एकाच बांधापासून करा, गावापासून सगळ्यात लांबच्या. तो पेटवू नका, बस. आणि एप्रिलमध्ये एक काम करा. सलग तीन दिवस, उजाडायच्या आधी पंधरा मिनिटं त्या बांधाजवळ जाऊन उभे राहा, वही-पेन्सिल घेऊन. ‘क-तीतर, क-तीतर’ असा आवाज कोणत्या दिशेने किती ठिकाणांहून येतो ते लिहा. एकही आला नाही तर तेही लिहा. जुलैत, पाऊस उघडलेल्या सकाळी, तुरीच्या ओळीतून सावकाश चाला आणि आईमागे पिल्लं किती आहेत ते बघा. ती मोजणी तीन वर्षं ठेवा. मी माझी वही ठेवली नसती तर दाट गवताची माझी चूक मला कळलीच नसती. वडिलांना पहिल्या दिवशी बरोबर न्या. त्यांना आवाज तुमच्यापेक्षा लवकर ओळखू येईल.